नकाशाचे पाठभेद

वाङ्मयाला वाहिलेल्या ह्या पृष्ठांवर एका नकाशाचे परीक्षण पाहून काही वाचकांस आश्चर्य वाटेल. क्वचित कोणी रुष्टही होईल. काव्य, नाटक, कादंबरी, चरित्र ह्यांचे परीक्षण करणे रीतीला धरून आहे. पण मोजणीखात्याने छापलेला, रेघोट्यांनी भरलेला एक ताव पुढे घेऊन त्याचे गुणदोष सांगत बसणे हा वाङ्मयसेवेचा कोणता प्रकार, असा प्रश्न त्यांस पडणे स्वाभाविक आहे. त्यावर आमचे उत्तर असे की, ज्यास लिपी आहे, व्याकरण आहे, कर्ता आहे आणि ज्याचा अर्थ वाचकागणिक बदलतो, त्यास ग्रंथ म्हणण्यास आमची हरकत नाही. असा ग्रंथ चुकीचा वाचला गेला तर काय होते, ह्याचा अनुभव आम्ही घेतला आहे. तो अनुभव पुढे यथास्थळी सांगू. आधी ग्रंथाची ओळख.

आमच्यापुढे असलेला ताव भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या क्रमांकपद्धतीप्रमाणे ४७ ई ह्या गटातला आहे. उत्तर अक्षांश १९ ते २० आणि पूर्व रेखांश ७३ ते ७४ ह्यांमधील मुलूख ह्या गटात येतो व त्याचे एकंदर सोळा ताव होतात. प्रमाण १:५०,०००, म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर हा जमिनीवरचा अर्धा किलोमीटर होय. ठाणे जिल्ह्यातील मुरबाड व शहापूर हे दोन्ही तालुके ह्याच गटात येतात, आणि आमचे लक्ष आहे ते धसईवर. येथेच पहिली अडचण उभी राहते, कारण धसई नावाची गावे दोन आहेत. एक शहापूर तालुक्यात. दुसरे मुरबाड तालुक्यात, गोरखगडाच्या वाटेवर. हे दुसरे २०१६ साली रोकडरहित व्यवहाराचे गाव म्हणून वृत्तपत्रांत गाजले. त्या भागात गेल्यावर 'मुरबाडकडली की शहापूरकडली?' असे विचारल्यावाचून बोलणे पुढे सरकत नाही. नकाशा मात्र दोहोंस तीच रोमन अक्षरे देतो आणि गप्प राहतो. प्रस्तुत लेखातील धसई ती मुरबाडकडली.

ह्या ग्रंथाची परंपरा लहान नाही. भारताच्या सर्वेक्षणाचा आरंभ १७६७ चा. १८०२ साली मद्रासजवळ विल्यम लँब्टनने आधाररेषा मोजली आणि तेथून त्रिकोणांचे जे जाळे विणले गेले, ते हिमालयापर्यंत पोहोचले. आपल्या कोकणाची मोजणी टॉमस बेस्ट जर्व्हिसने १८२० च्या दशकात केली. पुढे एका मैलास एक इंच ह्या प्रमाणाचे ताव निघाले. दशमान पद्धती आल्यावर त्यांची जागा आजच्या तावांनी घेतली. ह्या कामी कित्येक माणसे हिवतापाने व उन्हाने मेली. खांद्यावर यंत्र वाहून नेणाऱ्या खलाशांची नावे कोणत्याही तावावर नाहीत. ज्या ग्रंथाच्या एकेका ओळीमागे असे पायांचे कष्ट आहेत, त्याचे दोष सांगताना टीकाकाराने प्रथम हात जोडावेत हे उचित होय.

आता वाचन. समोच्च रेषा हा ह्या ग्रंथाचा छंद आहे. समुद्रसपाटीपासून सारख्या उंचीची स्थळे जोडीत जाणारी ही तपकिरी रेषा दर वीस मीटरांनी पुन्हा येते व दर पाचवी रेषा ठसठशीत असते. धसईच्या भोवती भातखाचरांच्या सपाटीवर ह्या रेषा विरळ आहेत. एक रेषा गेली की दुसरी केव्हा येईल ह्याची वाट पाहावी लागते, आणि तेवढ्यात वाचकाचे बोट दोन-तीन वाड्या ओलांडून जाते. पण पूर्वेकडे थोडे सरकावे, तो त्या एकदम दाटू लागतात. पायथ्याची गावे शंभर-दीडशे मीटरांच्या आसपास आणि सह्याद्रीचा माथा हजाराच्या घरात. तेव्हा चाळीस-पंचेचाळीस रेषा बोटभर जागेत कोंबलेल्या दिसतात. त्या एकमेकींस चिकटल्या की तो कडा समजावा. डोंगराच्या पोटात शिरल्या की तो ओहोळ, आणि पुढे वाकून आल्या की ती सोंड. दोन सोंडींमधून जी अरुंद घळ वर चढते, तीस इकडे नाळ म्हणतात. एवढे व्याकरण ज्यास आले, त्यास गोरखगड, सिद्धगड, आहुपे, ढाकोबा आणि नाणेघाट ही सारी भिंत खोलीत बसून चढता येते. शब्दांवाचून इतके सांगणारी लेखनशैली आम्हांस दुसरी ठाऊक नाही. जे मोजले नाही ते ती सांगत नाही, आणि जे मोजले ते फुगवीत नाही. आमच्या प्रवासवर्णनकारांनी ह्या संयमाचा धडा घ्यावा. एका सूर्योदयापायी तीन पाने खर्च करणाऱ्या लेखकास ह्या तावावरील शिखराच्या उंचीचा साधा आकडा पुष्कळ काही शिकवील.

इतकी स्तुती केल्यावर आमच्या फजितीची कथा सांगणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी वैशाखाच्या अखेरीस आम्ही व आमचे एक सहाध्यापक धसईहून निघून सह्याद्रीच्या पायथ्याकडे चाललो होतो. ताव बरोबर होता. घरी त्याचा आम्ही चांगला अभ्यास केला होता, निदान तसा आमचा समज होता. दुपारच्या टप्प्यावर एक ओहोळ आमची वाट ओलांडीत होता. त्याच्या भरवशावर पाण्याची एकच बाटली घेतली होती. ओहोळ होता. नेमका तावावर दाखविलेल्या ठिकाणी होता, वळणही तेच होते. फक्त त्यात पाणी नव्हते. पांढरे गोटे तापून पडले होते आणि त्यांवर सरडे ऊन खात होते. आमच्या सोबत्यांस घेरी येऊ लागली. तेव्हा आम्ही सावलीस बसून ताव पुन्हा उघडला. ज्या रेषेवर आम्ही विसंबलो होतो ती निळी नव्हती, काळी होती. बारमाही पाणी निळ्या रंगात आणि कोरडे पडणारे ओहोळ काळ्या रंगात दाखवावेत, असा संकेत तावाच्या सूचीत ढळढळीत छापलेला आहे. आम्ही सूची वाचली नव्हती. अर्पणपत्रिका व प्रस्तावना ओलांडून थेट पहिल्या प्रकरणास हात घालणाऱ्या वाचकाची जी गत होते, ती आमची झाली. दोष ग्रंथाचा नव्हे, वाचकाचा होता, हे येथे स्पष्ट नमूद करतो.

आमची सुटका केली ती एका वृद्ध ठाकर गुराख्याने. पाच-सहा गुरे घेऊन तो सोंडेवरून उतरत होता. आमची अवस्था पाहून त्याने काही न विचारता ओहोळाच्या पात्रातच, एका मोठ्या खडकाच्या खालच्या अंगास, काठीने वाळू उकरावयास आरंभ केला. हातभर खळगा होताच तळाशी ओल आली आणि काही वेळाने त्यात गढूळ पाणी साचले. ते त्याने एकदा उपसून टाकले. दुसऱ्यांदा आले ते नितळ होते. असल्या खळग्यास झिरा म्हणतात. सोबत्यांस पाणी पाजून झाल्यावर आम्ही त्यास ताव दाखविला. त्याने तो उलटसुलट पाहिला आणि विचारले, "मास्तर, ह्यात हा खडक कुठं आहे?"

"खडक नाही, बाबा. पण हा ओहोळ आहे, हा पाहा."

"ओहोळ काय, दिवाळीपर्यंत कुणालाही दिसतो. होळीनंतर ह्याचं पाणी खाली जातं. मग ते कुठं आहे ते खडकावरून कळतं. खडकाचं नाव नाही, तर कागदाला कळणार कसं?"

ह्या बोलण्याने आम्हांस प्रस्तुत लेख सुचला. त्या गुराख्याने एका वाक्यात जी टीका केली तिचे दोन भाग पडतात. एक ऋतूविषयी, दुसरा नावांविषयी. दोहोंचा क्रमाने विचार करू.

मोजणीदाराचा हंगाम ठरलेला असतो. पावसाळा उलटला की तो रानात उतरतो, आणि पाऊस सुरू होण्याच्या आत कचेरीत परततो. ओल्या रानात यंत्र चालत नाही, धुक्यात दुरचे शिखर दिसत नाही. तेव्हा ही रीत अपरिहार्य आहे. परंतु तिचा परिणाम ग्रंथावर होतोच. ज्या मुलखाचे सारे जीवन चार महिन्यांच्या पावसाभोवती फिरते, त्याचे वर्णन पाऊस न पाहिलेल्या लेखकाने लिहिलेले असते. भाताचा राब केव्हा भाजला, नाचणी-वरीची वरकस जमीन कोणत्या साली पडीक राहिली, कोणत्या माळावर श्रावणात गुरे जातात व कोणत्या पायवाटा आषाढात बंद होतात, ह्यांपैकी काहीच कागदावर येत नाही. माणसांचेही तसेच होऊ शकते. ह्या भागातील कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांच्या कामास भिवंडी-कल्याणाकडे जातात व पावसाच्या तोंडी परत येतात. म्हणजे मोजणीदार रानात असतो तेव्हा ही माणसे घरी नसतात. कायमच्या झोपडीस एक चिन्ह आणि तात्पुरत्या झोपडीस दुसरे, असा भेद तावाच्या सूचीत आहे. पण जी वाडी अर्धे वर्ष भरलेली व अर्धे वर्ष ओस असते, तिला कोणते चिन्ह द्यावे? मोजणीदार आपल्या हंगामात जे दिसले ते लिहितो. त्यात त्याची लबाडी नाही. त्याचा काळच एकपदरी आहे.

दुसरा भाग नावांचा. येथे आम्ही आमच्या व्यवसायाच्या अधिक जवळ आहोत. जुन्या पोथ्यांचा अभ्यास करणारास पाठभेद ही नित्याची गोष्ट आहे. नाथांनी १५८४ साली ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती लेखकांच्या हातून शिरलेले अपपाठ काढण्यासाठीच. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ साली हाती घेतली व १९६६ साली पुरी केली. तीत श्लोकाश्लोकाखाली कोणत्या पोथीत काय पाठ आहे ह्याची टीप आहे. गावांच्या, ओढ्यांच्या, डोंगरांच्या नावांनी भरलेला आमचा ताव मात्र एकाच पाठाचा आहे, आणि तो पाठही परक्या लिपीतून गाळून आलेला. रोमन लिपीत ल व ळ एकच, न व ण एकच, ट व त एकच, ड व द एकच. पळू हे गाव त्या लिपीत वाचणारा परदेशी त्यास पलू म्हणेल, आणि सोनावळ्याचे सोनावले करील. गणपती गडद हे सोनावळ्याजवळच्या लेण्यांचे नाव. गडद म्हणजे डोंगराच्या पोटातील पोकळी, हा अर्थ त्या रोमन अक्षरांतून उमटणार नाही. उलट शहरातला मराठी वाचकही तो शब्द दाट रंगाचा समजून पुढे जाईल.

ह्याचे उत्तम उदाहरण नाणेघाट. सातवाहनांच्या काळी कोकणातून जुन्नरकडे जाणारा हा व्यापारी मार्ग. घाटमाथ्यावरील गुहेत राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतील कोरीव लेख आहे आणि जवळच दगडी रांजण आहे. जकातीचे नाणे त्यात पडत असे, अशी समजूत आहे. आता हे नाव नाण्यावरून आले म्हणावे, तर शेजारच्या सुळक्यास नानाचा अंगठा म्हणतात. नाना नावाच्या पुरुषाची कथा एका बाजूस, नाण्यांचा रांजण दुसऱ्या बाजूस. ण आणि न ह्या दोन अक्षरांच्या भेदावर दोन इतिहास उभे आहेत. तावावरील रोमन अक्षर ह्या वादात कोणत्याच बाजूने साक्ष देत नाही, कारण त्यास हा वाद ऐकूच येत नाही. ज्या अक्षराने अर्थ ठरावयाचा, तेच अक्षर छापताना नाहीसे झाले. ह्याहून मोठा अपपाठ कोणत्या पोथीत सापडेल?

कोणी म्हणेल, नकाशा हा शिपायाच्या व इंजिनिअरच्या कामाचा कागद; त्याजकडून पुराणिकाची अपेक्षा का करावी? हा आक्षेप सोडून देण्याजोगा नाही. गोरखगडाच्या दक्षिणेस सिद्धगड आहे. २ जानेवारी १९४३ रोजी पहाटे भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हे दोघे तेथे पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मे झाले. तावावर सिद्धगडाचे नाव आहे, रेषा आहेत, उंची आहे. ह्या दिवसाविषयी अक्षर नाही. ते असावे असे आम्ही म्हणत नाही. प्रत्येक टेकडीवर तिचा इतिहास छापू गेल्यास टेकडी दिसणार नाही. नकाशाने सर्व सांगावे, ही मागणी अडाणीपणाची आहे. आमची मागणी निराळी आहे. नकाशा काय गाळतो ह्यास काही नियम आहे काय, ते पाहावे.

तसे पाहता नियम दिसतो. टपालकचेरी, पोलीसठाणे, विश्रामगृह, राखीव जंगलाची हद्द ही सरकारची प्रत्येक वस्तू तावावर आद्याक्षरांसह, आपल्या अधिकारासह उभी आहे. गुराख्याच्या वस्तूस फार तर चिन्ह मिळते. विहिरीस एक वर्तुळ, झऱ्यास एक खूण. नाव बहुधा नाही. अमेरिकेच्या पश्चिमेकडील उंच, रखरखीत पठारांचे ताव आम्ही पाहिले आहेत. तो मुलूखही गुरांचा आणि पाण्याच्या दुष्काळाचा. तेथील भूगर्भ सर्वेक्षण खाते १८७९ साली स्थापन झाले. १:२४,००० प्रमाणाच्या त्याच्या तावांवर पाणी उपसणारी पवनचक्की, गुरांचा कोंडवाडा, पाण्याची टाकी, झरा ही सारी दाखविलेली असतात आणि पुष्कळ झऱ्यांना नावेही असतात. ह्यात तेथील मोजणीदाराची रसिकता अधिक असे नव्हे. तेथे गुरांचा मालक हा जमिनीचा धनी होता, त्याचे शब्द मोजणीदाराच्या भाषेतले होते आणि त्याचा शब्द कागदापर्यंत पोहोचत होता. खुद्द तेथील मूळ रहिवाशांची नावे कितीदा त्या कागदावरून पुसली गेली, हा त्याच गोष्टीचा दुसरा भाग आहे. आमच्या ठाकर-कातकऱ्यांचे स्थान ह्या दुसऱ्या भागात आहे.

शेजारच्या शहापूर तालुक्याचा ताव ह्याच दृष्टीने उघडून पाहावा. तानसा, भातसा, मोडकसागर ह्यांचे निळे विस्तार डोळ्यांत भरतात. तानसा १८९२ सालचा, मोडकसागर १९५७ चा. मुंबईच्या नळांस ह्या तालुक्यातून पाणी जाते. तोच तालुका उन्हाळ्यात अनेक पाड्यांस टँकरने पाणी मिळते म्हणून दरवर्षी वृत्तपत्रांत येतो. निळा रंग पाणी आहे एवढे सांगतो; ते कोणाचे, हे सांगण्याची सोय त्याच्या व्याकरणात नाही. आणि मुरबाडात काळू नदीवर धरण बांधण्याची योजना कित्येक वर्षे चर्चेत आहे. तेथील आदिवासी गावांनी तिला विरोध केला आहे. धरण व्हावे की न व्हावे, हा ह्या लेखाचा विषय नव्हे. परंतु ते झाले, तर तावाच्या पुढच्या आवृत्तीत काही वाड्यांवरून निळा रंग फिरेल. त्या दिवशी त्या खोऱ्यातील खडक, डोह, पाणवठे ह्यांची जी नावे कोठे लिहिलेली असतील तेवढीच उरतील. जी केवळ कोणा म्हाताऱ्याच्या तोंडी होती, ती त्याच्याबरोबर जातील. धरण न झाले तरीही ती जावयाचीच आहेत. फक्त थोडी सावकाश. गुरे राखणारी मुले आता शाळेत जातात ही आनंदाची गोष्ट आहे. पण आजोबांजवळची ती पोथी त्यांच्यापैकी कोणी उतरून घेतलेली नाही.

म्हणून आमचा निर्णय असा. ग्रंथ उत्तम आहे. त्याची मोजणी विश्वसनीय, भाषा संयमित, संकेत प्रामाणिक. दोष असा की तो एका ऋतूत, एका कानाने व परक्या लिपीत लिहिलेला आहे, आणि त्यास अद्याप टीका झालेली नाही. टीका म्हणजे निंदा नव्हे. मूळ ग्रंथाच्या कडेने, त्याच्या एकेका पदास धरून केलेले विवरण, ह्या जुन्या अर्थाने आम्ही तो शब्द योजितो. ती करण्याचे काम सर्वेक्षण विभागाचे नाही. पूर्वी हे ताव सामान्य माणसास सहज मिळत नसत. २००५ च्या धोरणाने लोकांसाठी त्यांची निराळी मालिका निघाली आणि २०१७ पासून ते संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात. मुरबाड-शहापुराकडील प्रत्येक शाळेने आपल्या गावाचा ताव मोठा करून भिंतीस लावावा. मुलांनी घरच्या वडीलधाऱ्यांस विचारून ओहोळाचे, खडकाचे, माळाचे नाव देवनागरीत त्याच्या कडेस लिहावे. दोन घरांत दोन नावे निघाली तर दोन्ही लिहावीत, आणि कोणाकडून मिळाली तेही लिहावे. पाणी कोणत्या महिन्यापर्यंत असते, हे त्याखाली लिहावे. चिकित्सक आवृत्ती ह्याहून निराळ्या रीतीने होत नसते.

आमच्या प्रतीपुरता आरंभ आम्ही केला आहे. त्या दुपारी झिऱ्याच्या काठी बसून त्या गुराख्याने एकाच ओहोळावरची सात नावे आम्हांस सांगितली व आम्ही ती पेन्सिलीने समासात टिपून घेतली. ती येथे छापावीत असे प्रथम मनात आले होते. परंतु त्यांपैकी दोन नावांत ल आहे की ळ, हे आमच्या शहरी कानास नक्की कळले नाही. दुसऱ्या साक्षीवाचून पाठ कायम करू नये, हे आम्ही वर्गात तीस वर्षे शिकवीत आलो आहोत. यंदा भात कापून झाल्यावर पुन्हा धसईस जावयाचे आहे. बाबा भेटले तर त्यांच्याकडून, नाही तर त्यांच्या नातवंडांकडून, ती नावे पुन्हा एकदा ऐकून घेऊ.